रुम्बाची पहिली आठ आवर्तनं: समेवर पाऊल टाकायचं नाही

तबला-ढोलकी ऐकत वाढलेल्या माणसाला रुम्बा, म्हणजे जोडीने करायचा लॅटिन नाच, शिकताना पहिला अडथळा येतो तो कानाचा. आपला कान समेची वाट बघत असतो. सम आली की काहीतरी ठोस घडावं, पाय पडावा, मान डोलावी, अशी त्याला सवय असते. रुम्बात चार बीटच्या प्रत्येक बारमध्ये, म्हणजे आवर्तनात, पावलं पडतात दोनवर, तीनवर आणि चारवर. 'एक'वर नवीन पाऊल नाही. चारवर जे पाऊल ठेवलं त्यावर शरीराचा भार पुरता उतरायला लागणारा वेळ म्हणजे तो 'एक'.

केरव्याच्या आठ मात्रा मनात धरल्या तर हिशेब चटकन बसतो. रुम्बाचा एक पूर्ण बेसिक, म्हणजे मूळ पावलांचा संच, आठ बीटचा असतो, दोन बारांचा. त्यात ज्या दोन बीटवर पाऊल पडत नाही त्या नेमक्या पहिली आणि पाचवी, म्हणजे सम आणि खाली. या दोन ठिकाणी पाय थांबलेला असतो, पण कंबर चालू असते. नवखे इथेच फसतात: पाय थांबला की सगळं शरीरच थांबवतात, आणि नाच फोटोला उभं राहिल्यासारखा तुकड्या-तुकड्यांत दिसू लागतो.

आधी कोणता रुम्बा, ते ठरवा

यूट्यूबवर नुसतं 'रुम्बा' शोधलं तर निदान चार निरनिराळ्या गोष्टी समोर येतात. क्युबातला मूळ रुम्बा हा हवाना आणि मातान्सास भागातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा ढोल, गाणं आणि नाच. याम्बू, ग्वाग्वांको आणि कोलुम्बिया हे त्याचे प्रकार, आणि २०१६ साली युनेस्कोने तो अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. काँगोचा रुम्बा हा गिटारवर चालणारा वेगळा संगीतप्रकार. स्पेनमध्ये कातालान आणि फ्लामेंकोच्या अंगाने जाणारा रुम्बा आहे तो आणखी निराळा. आणि चौथा, आपला विषय असलेला, बॉलरूमच्या लॅटिन गटातला जोडीचा नाच.

या चौथ्याचं क्युबन रुम्बाशी नातं नावापुरतंच जास्त आहे. त्याची खरी मुळं सोन आणि बोलेरो या क्युबन प्रकारांत आहेत. १९३० मध्ये दोन आस्पियासूच्या हवानाच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये 'एल मानिसेरो' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं, ते अफाट गाजलं, आणि मुळात सोन असलेल्या या संगीताला अमेरिकेत सरसकट 'रुम्बा' म्हणू लागले. पुढे लंडनचे नृत्यशिक्षक मस्यू पिएर १९४७ मध्ये हवानाला गेले आणि तिथले लोक दोनवर पाऊल टाकतात हे बघून तीच पद्धत त्यांनी इंग्लंडमध्ये आणली. आज 'इंटरनॅशनल स्टाइल' म्हणतात ती हीच. अमेरिकन स्टाइलमध्ये मोजणी स्लो-क्विक-क्विक असते, पावलं चौकोनात फिरतात आणि एकवर पाऊल पडतं. दोन्ही चांगल्या आहेत, पण पहिल्या सहा महिन्यांत एकच धरा. एका व्हिडिओतून हे आणि दुसऱ्यातून ते उचललं की पायांची खिचडी होते, आणि ती निस्तरायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. इथे पुढचं सगळं इंटरनॅशनल स्टाइलचं आहे.

गाणं आणि मोजणी

इंटरनॅशनल रुम्बाची लय मिनिटाला २५ ते २७ बार असते, म्हणजे १०० ते १०८ बीट. इथे एक खाचखळगा आहे. बॉलरूमच्या गाण्यांवर बऱ्याचदा '२६ बीपीएम' असं लिहिलेलं असतं आणि त्यातला बी हा बीटचा नसून बारचा असतो. तो आकडा तसाच मेट्रोनोमच्या ॲपमध्ये घातला तर दोन टिकटिकींच्या मध्ये चहा होईल. चारने गुणा.

सुरुवात मात्र ८० बीटवर करा. आठवड्याभराने ९०, मग १००. हळू लयीत नाचणं सोपं असतं असा समज आहे. खरं तर हळू लयीत तोल जास्त लागतो. पण चूक कुठे होते आहे ते तिथेच दिसतं.

नाचायच्या आधी दोन-तीन दिवस फक्त ऐका. खुर्चीत बसून एकवर टाळी द्या आणि बाकी तीन बीट तोंडाने मोजा. हे जमलं की उलट करा: दोन, तीन, चारवर मांडीवर थाप आणि एकवर हात हवेत. मोठ्याने म्हणायचं ते असं: 'दोन, तीन, चाऽर-एक, दोन, तीन, चाऽर-एक'. 'एक दोन तीन चार' अशी शाळेची मोजणी तोंडात राहिली तर पाय एकवर निघणारच. रुम्बाच्या ठेक्यात कोंगा या उंच ढोलाचे खुले, ठसठशीत आवाज चारवर आणि त्याच्या लगेच पुढच्या अर्ध्या बीटवर येतात. नवा कान त्यालाच सम समजतो आणि माणूस एक बीट आधी निघतो. शंका आली की कोंगा सोडा आणि गायकाची ओळ किंवा बास कुठे सुरू होतो ते पकडा.

फरशी आणि बूट

घरातली व्हिट्रिफाइड टाइल मोज्यांवर घसरते आणि अनवाणी पायाला चिकटते. दोन्ही वाईट. घसरून पडणं निदान कळतं. चिकटण्याचा त्रास उशिरा कळतो. चवडा फरशीला धरून राहिला आणि वरचं शरीर वळलं, तर तो पीळ गुडघ्यात जातो. रबरी तळव्याच्या स्पोर्ट्स शूजचंही तेच. वळणं शिकेपर्यंत चामडी तळव्याचे साधे फॉर्मल बूट चालतील. तेही नसतील तर स्पोर्ट्स शूजवर जुना मोजा असा चढवा की चवडा झाकला जाईल आणि टाच उघडी राहील. चवडा वळतो, टाच धरून ठेवते.

महिना-दोन महिने टिकलात तर लॅटिनचे बूट घ्या. तळवा स्वेडचा, म्हणजे खरखरीत चामड्याचा, असतो. स्त्रियांसाठी सुरुवातीला दोन ते अडीच इंचांची, खाली थोडी रुंद होत जाणारी टाच. पुरुषांसाठी दीड इंचाची क्युबन हील. बूट घट्टच हवा, बोटं पुढच्या कडेला टेकतील इतका. नेहमीच्या चपलेसारखा ऐसपैस घेतला तर पाऊल आत फिरतं आणि बूट जागेवर राहतो. स्वेड घासून गुळगुळीत, चकचकीत झालं की तारेच्या ब्रशने खरवडायचं. हे बूट घालून रस्त्यावर उतरायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच, पिशवीतून न्यायचे.

कंबर हलवायची नाही, गुडघा सरळ करायचा

रुम्बा म्हटलं की लोक कंबर हलवायला लागतात. कंबर मुद्दाम ढकलली की पोट पुढे येतं, पाठीचा खालचा भाग दुखतो आणि दिसतंही ओढूनताणून. हिपची हालचाल हा परिणाम आहे. कारण गुडघ्यात आहे. ज्या पायावर भार आहे तो गुडघा सरळ झाला की त्या बाजूचा हिप वर आणि बाहेर, किंचित मागे जातो. दुसरा गुडघा वाकलेला असल्याने ती बाजू खाली येते.

हे स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून शिकता येतं. डावा हात ओट्यावर हलका टेकवा, पाय जुळवा. सगळा भार डाव्या पायावर घ्या, डावा गुडघा सरळ. उजवी टाच उचललेली, उजवा गुडघा वाकून डाव्या गुडघ्याकडे झुकलेला, उजवा चवडा जमिनीवर. आता उजव्या चवड्याने फरशी दाबायला लागा. भार एकदम उडी मारून जात नाही, हळूहळू सरकतो. उजवी टाच खाली येते, उजवा गुडघा सरळ होतो, त्याच वेळी डावी टाच सुटते. दोन बीटमध्ये उजवीकडे, दोन बीटमध्ये डावीकडे. रोज पाच मिनिटं.

खांदे हलताहेत का ते बघायला मोकळ्या हातात काठोकाठ पाणी भरलेली वाटी धरा. पाणी हिंदकळलं, म्हणजे हालचाल बरगड्यांच्या वर चढली. ती नाभीच्या आसपास विरली पाहिजे.

एक सावधगिरी: गुडघा 'सरळ' म्हणजे मागे ताणून कुलूप लावलेला नव्हे. ज्यांचे गुडघे मुळातच मागे जातात त्यांनी मांडीचा स्नायू वर खेचल्याची भावना धरावी आणि तिथेच थांबावं. गुडघ्याच्या मागच्या खोबणीत ओढ जाणवली तर जास्त झालं.

चाल

बेसिकच्या आधी नुसतं पुढे चालायचं. रस्त्यावर आपण टाच आधी टेकवतो. इथे चवडा आधी. मागचा पाय सुटतो तेव्हा गुडघा वाकलेला असतो आणि अंगठ्याची आतली कड फरशीला घासत पुढे येते. ती घासण्याचा हलका आवाज ऐकू आला पाहिजे. चवड्यावर दाब येतो, भार येऊन पोहोचतो त्या क्षणी गुडघा सरळ झालेला असतो, आणि मग टाच टेकते. बोटं थोडी बाहेर वळलेली, फार नाही.

सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे वाकलेल्या गुडघ्यावर भार घेणं. असं केलं की शेतातल्या चिखलातून चालल्यासारखं दिसतं आणि हिपला हलायला जागाच राहत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पाऊल फार मोठं. घरातली दोन बाय दोन फुटांची टाइल मोजपट्टी म्हणून वापरा. पुढचं पाऊल अर्ध्या टाइलचं पुरे, बाजूचं पाऊण टाइलच्या आत.

बेसिक

पुढे 'लीडर' (चाल ठरवणारा) आणि 'फॉलोअर' (त्याप्रमाणे जाणारा) हे शब्द वापरले आहेत. पारंपरिकरीत्या पुरुष लीड करतो, पण वर्गात बायका-बायकाही जोडी करतात, आणि दोन्ही बाजू येणारा माणूस लवकर शिकतो.

निघण्यासाठी लीडर डाव्या पायावर भार घेऊन उभा राहतो आणि एकवर उजवा पाय बाजूला टाकतो. एकवर पाऊल टाकायची परवानगी फक्त या तयारीपुरती. मग:

दोन: डावा पाय पुढे. भार पुरता पुढे जातो, मागची टाच उचललेली.
तीन: भार परत उजव्या पायावर. उजवा पाय होता तिथेच. त्याला उचलून हलवायचा नाही.
चार: डावा पाय बाजूला.
एक: डावा गुडघा सरळ, भार उतरतो, हिप बाहेर जाऊन मागे वळतो, उजवी टाच सुटू लागते.

पुढच्या बारमध्ये दोनवर उजवा पाय मागे, तीनवर भार डाव्यावर, चारवर उजवा पाय बाजूला, एकवर तोच भार उतरणं. फॉलोअरचं याचं प्रतिबिंब: आधी उजवा मागे, डाव्यावर भार, उजवा बाजूला, मग डावा पुढे, उजव्यावर भार, डावा बाजूला. सवय झाली की हा बेसिक जागेवर सरळ न राहता हळूहळू डावीकडे वळत जातो. पहिल्या आठवड्यात वळवू नका.

मागे टाकायच्या पावलात धड मागे झुकतं, हा कायमचा रोग. पाय मागे जातो, छाती पायामागून फरफटत जात नाही. दुसरा रोग तीनवर दिसतो. दोनवर भार अर्धवट गेला असेल तर तीनवर परत आणायला काही उरतच नाही, मग माणूस नुसता पाय टेकवून उचलतो. तपासायची रीत सोपी आहे. दोनवर थांबा आणि मागचा पाय उचलून बघा. उचलता आला तर भार गेला होता.

पकड

जोडीत उभं राहताना दोघांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर. वीतभराहून थोडं कमी. लीडरचा उजवा तळहात फॉलोअरच्या डाव्या खवाट्यावर, बोटं जुळलेली. कंबरेवर हात नको. तिथून काहीच सांगता येत नाही. फॉलोअरचा डावा हात त्या हातावर विसावलेला. दुसरी हातजोडी साधारण फॉलोअरच्या डोळ्यांच्या उंचीला. अंगठ्याने आवळायचं नाही.

लीड हाताने द्यायचं नसतं. लीडरचं धड पुढे निघतं, हातांत थोडा ताण असतो, म्हणून ते समोरच्याला कळतं. कोपर शरीराच्या मागे गेलं की हा धागा तुटतो आणि मग ओढाताण सुरू होते. फॉलोअरची नेहमीची चूक म्हणजे अंदाज बांधणं. बेसिक पाठ झाला की ती लीडरच्या आधी मागे निघते. आपल्या चारवरच्या पावलावर भार पुरता घेतला तर आधी निघताच येत नाही, एवढं एक औषध पुरतं.

बाकीचे चार प्रकार

कुकाराचा सगळ्यांत सोपा. दोनवर पाय बाजूला दाबायचा, तीनवर भार परत, चार-एकवर पाय जुळवायचे. गोव्याकडच्या लग्नात बँड रंगलेला असतो आणि फ्लोअरवर कोपर ठेवायला जागा नसते, तिथे बेसिक आणि कुकाराचावर अख्खं गाणं निघतं.

'न्यूयॉर्क' नावाच्या प्रकारात दोघं एकाच दिशेला वळतात. लीडर पाव वळण उजवीकडे घेऊन दोनवर डावा पाय पुढे टाकतो, फॉलोअर पाव वळण डावीकडे घेऊन उजवा. लीडरचा डावा आणि फॉलोअरचा उजवा हात धरलेला. तीनवर भार मागे, चार-एकवर परत समोरासमोर येऊन पाय बाजूला. दुसऱ्या बाजूला लीडरचा उजवा पाय आणि उजवा हात. मोकळा हात लोंबकळत ठेवू नका, पण तो पिसाऱ्यासारखा पसरण्याची घाईही नको. खांद्याच्या खाली, बाजूला, पुरे.

स्पॉट टर्नमध्ये हात सोडून प्रत्येकाने स्वतःभोवती एक फेरी घ्यायची. लीडर दोनवर डावीकडे वळून उजवा पाय पुढे टाकतो, चवड्यावर अर्धं फिरतो, तीनवर भार डाव्यावर, चार-एकवर उरलेलं वळण पुरं करून उजवा पाय बाजूला. फॉलोअर उलट, उजवीकडे, डाव्या पायाने सुरुवात. तोल जातो तो बहुधा पहिलं पाऊल लांब टाकल्याने. पाय लांब गेला की भार दोन पायांच्या मध्ये अडकतो आणि मधल्या जागेवर कुणालाच फिरता येत नाही.

अंडरआर्म टर्न बेसिकच्या दुसऱ्या, मागच्या अर्ध्यात बसतो. आधीच्या बारच्या चारवर बाजूचं पाऊल पडलं की एकवर लीडर डावा हात वर नेतो. इथे समेला शेवटी काहीतरी काम मिळतं. दोनवर हात उचलला तर उशीर झालेला असतो. लीडर स्वतः उजवा मागे, भार डाव्यावर, उजवा बाजूला एवढंच करतो. फॉलोअर दोनवर डावा पाय पुढे टाकून हाताखालून उजवीकडे वळते, तीनवर उजवा, चार-एकवर समोर येऊन डावा बाजूला. हात तिच्या डोक्याच्या बरोबर वर, टेकू दिल्यासारखा. ताक घुसळायच्या रवीसारखा तो फिरवायचा नाही. फिरते ती, हात नव्हे. बोटं सैल, हातात बांगडी फिरावी इतकी.

सगळं जोडून

आता आठ बार असे लावा. पहिला आणि दुसरा: बेसिक पुढे आणि मागे. तिसरा, चौथा, पाचवा: न्यूयॉर्क, आधी लीडरच्या डाव्या पायाने, मग उजव्याने, मग परत डाव्याने. सहावा: स्पॉट टर्न. सातवा: बेसिकचा पुढचा अर्धा. आठवा: अंडरआर्म टर्न. शेवटी लीडरचा भार उजव्या पायावर येतो, म्हणजे काही न जुळवता पुन्हा पहिल्यापासून निघता येतं. पूर्ण लयीत हे ३२ बीट १८-१९ सेकंदांत संपतात. दुसऱ्या न्यूयॉर्कनंतरच चुकून स्पॉट टर्न घेतला तर लीडरचा नेमका डावा पाय मोकळा असतो आणि दोघं एकमेकांच्या पायावर येतात; तीन हा आकडा त्यासाठी आहे.

मध्येच गाणं सुटलं तर जिथे आहात तिथून पळत गाठायला जाऊ नका. कुकाराचा करत राहा, कान पुन्हा एकवर आणा, मग दोनवर निघा.

आठवड्यातून एकदा मोबाइल भिंतीला टेकवून गुडघ्याच्या उंचीवर ठेवा आणि फक्त कमरेखालचं चित्रीकरण करा. चेहरा दिसला की नजर चेहऱ्यावरच जाते. बघताना दोनच गोष्टी शोधा: भार येतो तेव्हा गुडघा सरळ आहे का, आणि एकवर काही हलतंय का. या दोन्हींचं उत्तर सलग आठ बार 'हो' येऊ लागलं की फॅन आणि हॉकी स्टिक हे पुढचे प्रकार शिकायला घ्या. फॅनमध्ये फॉलोअर लीडरच्या डाव्या बाजूला, त्याच्याशी काटकोनात, डावा पाय मागे ठेवून उघडते, आणि तिथवर तिला चालत जायचं असतं. ओट्याशी केलेली ती पाच मिनिटं तिथे कामाला येतात.